व्हिटनी प्लांटेशनला लहान मुलांना न्यावं का?

कृष्णाकाठ:
ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो. तिथले स्नेही म्हणाले ओक अ‍ॅलीला जा, फोटो झकास येतात. ते एक प्लांटेशन, म्हणजे गुलाम राबवून पिकवलेला जुना उसाचा मळा. आम्ही त्याच रस्त्यावरच्या तशाच दुसऱ्या मळ्यावर, व्हिटनी प्लांटेशनला गेलो, नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन, आणि परत आल्यावर ऐकून घ्यावं लागलं की सुट्टीत पोरीला हे असलं कशाला दाखवलंस. माझं म्हणणं, दाखवायलाच हवं.

जॉन कमिंग्ज नावाच्या वकिलाने स्वतःचे पैसे घालून २०१४ साली हे म्युझियम उघडलं, संशोधन सेनेगलच्या इब्राहिमा सेक यांचं. बाकी ठिकाणी वर्षानुवर्षं मालकाचा वाडा आणि झुंबरं दाखवत आले, इथे सगळा भर गुलामांवर. दगडी भिंतींवर नावंच नावं, बऱ्याच जणांचं नुसतं पहिलं नाव, आडनाव नाहीच.

माझा पाय निघेना तो काहिलींपाशी. उसाचा रस उकळायच्या लोखंडी काहिली, लहानमोठ्या. माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं, उकळता रस अंगावर उडाला की काय होतं ते मामाच्या हातावर अजून दिसतं. पण मामा दमला की झोपायचा. इथे थंडीने ऊस जायच्या आत गाळप उरकायचं म्हणून रात्रंदिवस रस एका काहिलीतून दुसरीत ओतत राहायचं, आणि नको म्हणायची सोय नाही.

रानजाई:
अजिबात पटलं नाही. तिथे गुलामांच्या १८११ च्या उठावाचं स्मारक आहे, पकडलेल्यांची मुंडकी कापून नदीकाठी खांबांवर लावली होती, तशीच मुंडकी घडवून गजांवर लावलीत. माझा मुलगा आठ वर्षांचा होता, आठवडाभर रात्री उठून बसायचा. इतिहास कळायला हवाच, पण तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा पोराला प्रश्न विचारता येतात तेव्हा.

कृष्णाकाठ:
रानजाई, मुंडक्यांकडे आम्ही तिला नेलंच नाही, ते तुमचं बरोबर आहे. पण गुलामी काय मोठ्यांचीच होती का? तिथल्या चर्चमध्ये मुलांचेच पुतळे उभे आहेत, १९३० च्या दशकात ज्या म्हाताऱ्यांनी आपलं गुलामीतलं लहानपण सांगितलं ते सगळे गुलामीच्या काळात पोरंच होते. आणि तीन वर्षांच्या आत गेलेल्या २,२०० बाळांची नावं एका अंगणात कोरलीत, मध्ये काळी देवदूत बाळ हातात घेऊन उभी. लेक तिथे वाकून एकेक नाव मोठ्याने वाचत होती, मी थांबवलं नाही.

जुना_वाटसरू:
ओक अ‍ॅलीला उगाच नावं ठेवू नका. मी गेलो होतो ते २८ ओक बघायलाच, पण तिथे गुलामांच्या झोपड्याही पुन्हा बांधल्यात आणि मला अँटवान तिथेच कळला. गुलाम माळी, १८४० च्या दशकात त्याने पिकानच्या (अक्रोडासारखं फळ) झाडांवर यशस्वी कलमं केली. त्याच्या वाणाला १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. फोटो काढायला आलेला माणूस एवढं घेऊन घरी जात असेल तर वाईट काय?

कृष्णाकाठ:
वाईट काही नाही, पण त्याच जागी लग्नंही लागतात त्याचं काय? माणसं जिथे विकत घेऊन राबवली तिथे मांडव, मला नाही चालत.

तिफण:
अमेरिकेचं एवढं वाटतं तर बीडला या. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर बांधलेले. साखर तीच आणि पाचटात झोपणारी पोरंही तशीच. तुमच्या लेकीला हे दाखवलंत का?

माळरान:
तिफण, माझे आईवडील कोयत्यावर जायचे. मीही कोपीवर वाढलो. उचल फिटता फिटत नाही, बाप मुकादमासमोर मान खाली घालून उभा राहायचा, ते मी विसरलेलो नाही. पण माझ्या आईला कुणी विकलं नाही, मी जन्मलो तेव्हा माझी किंमत वहीत चढवली नाही. तिथे चढवत होते. आमच्या हालांबद्दल जरूर बोला, त्यांच्यावर पांघरूण घालायला वापरू नका, कळकळीने सांगतो.

रानजाई:
माळरान, तुमचं वाचून थांबले. वयाबद्दलचं माझं मत तेच आहे. मुलगा आता अकराचा आहे, अजून दोन वर्षांनी मी स्वतः नेईन, आणि आधी तुमच्या आईबद्दल सांगेन, चालेल ना?