मेपलचा सीझन संपला, आरओचा मेंब्रेन धुवून ठेवायचा कसा?

व्हरमाँटवाला:
नमस्कार मंडळी, इथे मेपलच्या झाडाचा रस, म्हणजे सॅप, उकळून सिरप करणारं कोणी आहे का? आमचे साडेतीनशे टॅप्स (झाडांना ठोकलेल्या तोट्या), छोटाच सेटअप, आरओमध्ये (उकळण्याआधी सॅपमधलं पाणी काढणारं मशीन) एकच चार इंची मेंब्रेन (गाळणारा पडदा). कळ्या फुगल्या, सिरपला तो विचित्र वास यायला लागला म्हणून टॅप्स काढून टाकले. आता प्रश्न मशीनचा. सीझनभर रोज परमिएटने (मेंब्रेनमधून पार झालेलं शुद्ध पाणी) रिन्स करत होतो, अधूनमधून सोप वॉशही, तरी शेवटी शेवटी परमिएटचा फ्लो मार्चपेक्षा बराच पडला आणि प्रीफिल्टर काढला तर हाताला बुळबुळीत लागतोय. मेमध्ये आम्ही सगळे नाशिकला जातोय, जुलैअखेर परत, आणि शुगरहाऊसला (सिरप उकळायची शेड) हीटिंग नाही. तर आधी सोप की आधी ॲसिड? मेंब्रेन मशीनमध्येच राहू दिला तर चालेल का? शेजारचे आजोबा म्हणतात थोडं ब्लीच फिरव, सगळं मरतं. आणि परमिएट फारसं उरलं नाहीये, गावाच्या नळाचं पाणी चालेल का?

ओंटारिओची_ताई:
ब्लीच अजिबात नको!! आजोबांनी आयुष्यभर सॅपच्या नळ्या धुतल्या असतील त्याने, मेंब्रेनचं काम वेगळं आहे. (नळ्यांनासुद्धा सोडियमवालं ब्लीच वापरलं की खारींना त्या खारट चवीची चटक लागते आणि मग वर्षभर कुरतडलेल्या नळ्या जोडत बसा.) नळाच्या पाण्यातही क्लोरिन असतं म्हणून तेही नको, आणि विहिरीचं पाणी असेल तर त्यात लोह असू शकतं, ते मेंब्रेनवर जाऊन बसतं. म्हणून सीझन संपताना सॅपच्या शेवटच्या एक-दोन रन्सचं (सॅप वाहतं ते दिवस) परमिएट टाकीत भरून ठेवायचं असतं. तुमच्याकडे कमी असेल तर जवळच्या एखाद्या मोठ्या शुगरहाऊसमध्ये विचारा, त्यांच्याकडे परमिएट वाहून जात असतं, कोणी नाही म्हणत नाही, फक्त ताजं घ्या, बरेच दिवस टाकीत पडलेलं नको.

आता क्रम. जुना प्रीफिल्टर फेका, नवीन लावा. प्रेशरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून परमिएटने रिन्स करा, गोड चव पूर्ण जाईपर्यंत. मग सोप. परमिएट आणि कॉन्सन्ट्रेट (एरवी घट्ट झालेलं सॅप जिथून येतं तो) दोन्ही पाइप वॉश टँकमध्ये परत सोडायचे आणि फिरवत राहायचं, पाणी साधारण १०५ ते ११० फॅरनहाइट. इथे एक गोष्ट लोक विसरतात, पंपामुळे फिरतं पाणी आपोआप तापत जातं, तुम्ही १०५ ला सुरू केलं आणि जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ते कुठल्या कुठे गेलेलं असतं. थर्मामीटर टँकमध्येच ठेवा आणि तिथून हलू नका. शेवटच्या सॅपनंतरचं पहिलं सोपचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं निघतं, घाबरू नका, तेच निघायला हवं असतं. ते ओतून परत ताजा सोप, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग भरपूर रिन्स आणि त्यानंतर सायट्रिक ॲसिड, कारण शुगर सँडचा (सॅपमधल्या खनिजांचा साका) जो कॅल्शियमचा थर असतो तो सोपने हलत नाही.

मशीनमध्ये मात्र ठेवू नका. तुमच्याकडे मेमध्येसुद्धा रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. मेंब्रेन काढा, झाकणाच्या नळीत प्रिझर्व्हेटिव्हमध्ये बुडवून घराच्या बेसमेंटमध्ये ठेवा.

चिंचवडकर_आरओ:
मी मेपलवाला नाही, इंडस्ट्रियल आरओमध्ये काम करतो, पण मेंब्रेनची जात तीच, पॉलिअमाइडचा पातळ थर. ब्लीचमधलं फ्री क्लोरिन त्याच्यावर हल्ला करतं आणि झालेलं नुकसान कुठल्याही वॉशने भरून येत नाही. तुमच्याकडे त्याचा अर्थ असा की साखर परमिएटमध्ये निसटायला लागणार.

ताईंचा क्रम बरोबर, आधी अल्कली, म्हणजे सोप, मग ॲसिड. जैविक चिकटा वर बसलेला असताना आधी ॲसिड दिलं तर तो आणखी घट्ट होऊ शकतो. सोपचा पीएच ११ च्या वर नेऊ नका, विशेषतः पाणी गरम असताना, ४५ सेल्सियस ही शेवटची हद्द समजा. सायट्रिक २ टक्के, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. दोन वॉशच्या मधे पीएचच्या पट्ट्या वापरा, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच आत जाणाऱ्या परमिएटइतका झाला की पुढे जा, नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका.

फ्लोबद्दल एक. मार्चचं सॅप जवळजवळ बर्फाच्या पाण्याइतकं थंड आणि एप्रिलचं कोमट, आणि फ्लो दर सेल्सियसला साधारण ३ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे कोमट सॅपवर फ्लो वाढायला हवा होता आणि तुमचा पडला, तेव्हा मेंब्रेन दिसतोय त्याहून जास्त चोंदलाय. साखरेचं प्रमाण बदललं तरी फ्लो बदलतो, म्हणून तुलना नेहमी स्वच्छ परमिएटवर, त्याच तापमानाला, त्याच प्रेशरला करायची आणि आकडा मशीनवरच मार्करने लिहून ठेवायचा.

स्टोरेजला सोडियम मेटाबायसल्फाइट १ टक्का, २० लिटरला २०० ग्रॅम. फूड ग्रेड घ्या, कोबाल्टवालं नको. नळी काठोकाठ भरा, हवा राहिली की त्यातला ऑक्सिजन सल्फाइट खाऊन टाकतो आणि पीएच उतरत जातो. ३ च्या खाली गेला तर द्रावण बदला. तुमचे अडीच महिने सहज निघतील, पण परत आल्यावर पहिलं काम पीएच बघायचं. आणि हे उघड्यावर कालवा, काडी ओढल्यासारखा झणझणीत वास येतो, दमा असलेल्यांनी लांब राहायचं. ॲसिडचा रिन्स अर्धवट राहिला असेल तर हा गॅस जास्तच सुटतो.

सदाशिवपेठी:
मधेच विचारतो, आमच्या घरच्या आरओत रिजेक्ट (मेंब्रेनमधून पार न झालेलं पाणी) बेसिनमध्ये जातं, तुम्ही लोक तेच पिता का?

ओंटारिओची_ताई:
हो ना! आमच्याकडे उलटा कारभार. दोन टक्के साखरेचं सॅप आठ टक्क्यांवर नेलं की तीन चतुर्थांश पाणी आधीच गेलं, तेवढी लाकडं वाचली. शुद्ध पाणी आम्हाला धुण्यापुरतं, रिजेक्ट उकळून सिरप.

क्यूबेकचा_नागपूरकर:
एवढा व्याप नको असेल तर डीलरकडे द्या, बरेच जण उन्हाळ्यात मेंब्रेन धुवून, टेस्ट करून, प्रिझर्व्हेटिव्हमध्ये भरून परत देतात. मी तेच करतो, माझ्याने हे पीएच-बिएच होत नाही बा. पण मशीन तर तुम्हालाच रिकामं करावं लागेल ना. हाय प्रेशर पंपाचा ड्रेन प्लग, प्रेशर गेज, फ्लोमीटर, पाइपाचे खालचे बाक, जिथे जिथे पाणी थांबतं तिथून काढा. पंपात फूड ग्रेड प्रोपिलीन ग्लायकॉल फिरवलं तर उत्तमच. गाडीचं अँटिफ्रीझ मात्र चुकूनही नाही, ते विषारी असतं.

व्हरमाँटवाला:
सगळ्यांचे आभार. परमिएट मिळालं, दोन टाक्या भरून, वर डोनट्सपण दिले त्यांनी. दुसऱ्या सोपनंतर पाणी स्वच्छ झालं, सायट्रिक झालं, फ्लो बराच वर आलाय पण नव्या मेंब्रेनइतका नाही. फेकू का? आणि पुढच्या फेब्रुवारीत डायरेक्ट सॅप सोडायचं का?

चिंचवडकर_आरओ:
फेकू नका, थोडं कमी होणारच. परमिएटला साखर येत नाहीये ना, रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायचं यंत्र) बघा, शून्य असेल तर मेंब्रेन ठीक आहे. फेब्रुवारीत आधी परमिएटने रिन्स, नसेल तर सुरुवातीचं सॅप, आणि दोन्ही बाजूचं पाणी ड्रेनला, वास आणि चव पूर्ण जाईपर्यंत. सल्फाइटची काहींना ॲलर्जी असते, ते सिरपमध्ये जायला नको.

ओंटारिओची_ताई:
आणि नळीवर द्रावण भरल्याची तारीख आणि मेंब्रेनची फ्लोची दिशा लिहून ठेवा, बाण पुसला जातो.