जुन्या वर्तमानपत्रातली नाव बदलल्याची नोटीस कुठे मिळेल? (कोल्हापूर) तातडीने मदत हवी

काजळवात
नमस्कार मंडळी. आईने नाव बदलल्याची जाहीर नोटीस पेपरात दिली होती. ते कात्रण सापडत नाही आणि मला ते पंधरा दिवसांच्या आत हवंय. पेपर कोल्हापूर भागातला. जुने अंक नक्की कुठे जपून ठेवलेले असतात?

गेल्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून पुण्याहून जाऊन आले. एका वाचनालयात म्हणाले, बाडं बांधून माळ्यावर ठेवलीत, तारीख सांगा, काढून देतो. एका कचेरीत म्हणाले, मुंबईला विचारा. मुंबईला कुणाला, ते कुणी सांगेना. ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनीच सांगा. "नेटवर शोधा" नको, चार रात्री तेच केलंय.

करवीरकर
साल कोणतं, पेपर कोणता, हे काहीच लिहिलेलं नाही. कोल्हापुरात बघायचं तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालची संस्था. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय आहे. दोन्हीकडे आधी फोन करून कोणत्या पेपरचे कोणत्या सालचे अंक आहेत ते विचारा, मगच जा. पण वाचनालयवाल्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. छोट्या जाहिराती कोणी सूची करून ठेवत नाही. एका वर्षाचे साडेतीनशे अंक, त्यातली प्रत्येक नोटीस डोळ्यांखालून घालायची म्हणजे काय काम आहे बघा.

दगडफूल
नाव बदलायला आता पेपरची गरजच नाही. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र चढवायचं, पैसे भरायचे. राजपत्रात छापून येतं. मी मागच्या वर्षी घरबसल्या केलं. नमुना अर्ज हवा असेल तर सांगा.

काजळवात
@दगडफूल, नाव बदलायचं नाहीये, ते बदलून चाळीस वर्षं झाली. त्याचा पुरावा हवाय.
@करवीरकर, साल १९७८ ते १९८२ मधलं. पेपर कोणता ते आईला आठवत नाही.

जागल्या
सरळ माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा स्टॅम्प, एक पान अर्ज. कलम ६ खाली मागा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नाही दिलं तर कलम १९ खाली अपील. मी आजवर वीसेक अर्ज टाकलेत, सरकारी यंत्रणेला दुसरी भाषा कळत नाही.

कायदाकानू
माहिती अधिकार खासगी वर्तमानपत्राला लागू होत नाही. शिवाय यांच्याकडे १५ दिवस आहेत आणि तुम्ही ३० दिवसांचा उपाय सांगताय.

जागल्या
वर्तमानपत्राला टाका असं मी म्हटलेलंच नाही. नोटीस दिली म्हणजे राजपत्रातही आलं असणार, आणि राजपत्र सरकारी आहे. तिथे टाका.

कायदाकानू
"असणार" वर कसं चालेल? त्या काळात बरेच लोक फक्त पेपरात चार ओळी देऊन मोकळे व्हायचे. आणि राजपत्र विकत मिळणारं प्रकाशन आहे, त्याच्या प्रतीसाठी माहिती अधिकार लावायची गरजही नाही. भाऊ, आधी हे सांगा की पुरावा कुणाला द्यायचाय? पासपोर्ट, बँक की कोर्ट? त्यावर सगळं अवलंबून आहे.

काजळवात
मी बाई आहे. पुरावा महसूल खात्याला द्यायचाय. पण तो भाग मी बघेन, मला फक्त अंक कुठे मिळेल ते सांगा ना.

सह्यकडा
वर्तमानपत्रांबद्दल एक कायदाच आहे. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा, १९५६ साली त्यात वर्तमानपत्रंही आली. प्रकाशकाने ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अंक पाठवायचे असतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय त्यात आहे आणि मुंबईचं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालयही. तुम्हाला "मुंबईला विचारा" म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा हेच असावं.

करवीरकर
कायदा आहे, पण जिल्ह्याच्या पेपरांनी तो किती पाळला? एशियाटिकला जाण्याआधी पेपरचं नाव तरी हवं. तेव्हा कोल्हापुरात 'पुढारी' होता, 'सत्यवादी' होता. आज दिसणाऱ्या अनेक आवृत्त्या तेव्हा निघतच नव्हत्या, म्हणजे यादी छोटी आहे हे एक बरं. प्रत्येक जिल्ह्यात शासनाचं जिल्हा माहिती कार्यालय असतं, जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांशी त्यांचा रोजचा संबंध. बंद पडलेल्या पेपरची कागदपत्रं कुणाच्या घरी आहेत, हे तिथल्या जुन्या माणसाला ठाऊक असतं. माझ्या एका कामात असंच सापडलं होतं.

रानजाई
ताई, महसूल खातं म्हटलंत म्हणजे जमिनीचं आहे का? आईच्या माहेरची जमीन? तसं असेल तर आधी एक ऐका. आईंना कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. माझ्या आईकडून "नुसती नोंदीसाठी सही" म्हणून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. आम्हाला चार वर्षांनी कळलं.

काजळवात
हो, जमिनीचंच आहे. आता सगळं सांगते. आजोबा २००९ साली गेले, वारस नोंद झालीच नव्हती. आता मामांनी अर्ज केला, त्यात आईचं नाव माहेरचंच घातलंय, म्हणजे तिच्या जन्माच्या वेळचं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आधार, पॅन, बँक सगळीकडे नवं नाव. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावच वेगळं आहे. मामेभावाने हरकत घेतलीय की ही बाई तीच कशावरून? मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, नाव बदलल्याचं काहीतरी छापील आणा. म्हणून ते कात्रण.

आई बहात्तर वर्षांची आहे. तिला वाटेकरी व्हायची हौस नाही. पण स्वतःच्या भाच्याने "ही बाई कोण" असं लिहून दिलेलं तिने वाचलं, त्या दिवसापासून ती जेवायला नीट बसलेली नाही.

रानजाई
ताई, वाचून वाईट वाटलं. आईंना सांगा, मुलीचा हिस्सा ही कुणाची मेहेरबानी नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो विषय कायमचा मिटवला. वडील २००५ साली हयात असायलाच हवेत असंही नाही.

सह्यकडा
ते वडिलोपार्जित जमिनीला. आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर?

कायदाकानू
मृत्युपत्र नसेल तर मुलगी १९५६ च्या कायद्यापासूनच पहिल्या वर्गातली वारस आहे. इथे तो वादच नाही, मामांनी नाव घातलंय. वाद ओळखीचा आहे, तिथेच राहू या.

काजळवात ताई, पेपरचं कात्रण हा एकमेव मार्ग नाही, फार जोरदार मार्गही नाही. साक्ष अधिनियम १८७२ च्या कलम ८१ मध्ये राजपत्र आणि वर्तमानपत्र दोन्ही अस्सल धरण्याबद्दल तरतूद होती. पण अंक अस्सल आहे आणि त्यातली चार ओळींची जाहिरात खरी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. जाहिरात कुणीही देऊ शकतं. आईंच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, लग्नपत्रिका, दोन्ही नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि मामांचा जबाब, एवढं लावा. मामा स्वतः "ही माझी बहीण" म्हणत असतील तर मामेभावाच्या हरकतीत दम राहत नाही.

काजळवात
मामांचं म्हणणं, मी पोराच्या विरोधात उभा राहू शकत नाही. शाळेत गेले होते, १९६० च्या आसपासचं रजिस्टर भिजून गेलंय म्हणे.

आजरा घनसाळ
सगळी कोल्हापूर कोल्हापूर करायला लागलाय, गाव कुठलं ते कुणी इचारलंच नाही. ताई, माहेर नक्की कुठल्या तालुक्यात?

काजळवात
चंदगड तालुका. जिल्हा कोल्हापूरच ना, म्हणून तसं लिहिलं. सासर पण तिथलंच, बाबा नोकरीमुळे पुण्याला आले.

आजरा घनसाळ
मग कोल्हापुरात शोधून काय उपयोग? चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, बेळगाव त्याच्या निम्म्यापेक्षा जवळ. आमच्याकडची दवाखान्याची, लग्नाच्या बस्त्याची, बाजाराची सगळी कामं बेळगावात. आमच्या घरी पेपर यायचा तो बेळगावचा 'तरुण भारत', बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली काढलेला. त्या भागातल्या माणसाने १९८० ला नोटीस दिली असली तर तिथेच दिली असणार. आईंना एवढंच विचारा की पेपर बेळगावचा होता काय.

सह्यकडा
अगदी बरोबर. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा एवढा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला. बाकीच्या मराठी गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. निपाणी, खानापूर, कारवार...

जागल्या
तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. त्यावर वेगळा धागा हवा खरं तर.

करवीरकर
वेगळाच काढा, इथे नको. ताईंची सुनावणी तोंडावर आहे.

काजळवात
आईला विचारलं. "बेळगावचाच गं, पहिल्या एसटीने यायचा" असं लगेच म्हणाली! आधी हा प्रश्न मला सुचलाच नाही. आजरा घनसाळ, तुमचे उपकार आहेत. पण तारखेचं काय? पाच वर्षांचे अंक कसे चाळू?

अभिलेख
उशिरा वाचतोय. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, असल्या तक्रारी केसेस पुष्कळ पाहिल्या आहेत. एक प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. गावातल्या बाईने १९८० च्या सुमारास मुद्दाम पैसे खर्चून नाव बदलल्याची नोटीस दिली, ती का? लग्नात नाव बदललेल्या हजारो बायकांनी कधीच काही छापलं नाही, त्यांना गरजच पडली नाही. आई नोकरीत होत्या का?

काजळवात
हो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आधी चंदगड तालुक्यात, मग बदली करून पुणे जिल्ह्यात. २०११ ला निवृत्त झाली. त्याचा इथे काय संबंध?

अभिलेख
सगळा संबंध तिथेच आहे. लग्नाआधी नोकरीला लागल्या असतील तर सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या सरकारी नोंदवहीत, पहिल्या पानावर माहेरचं नाव असणार. लग्नानंतर नवं नाव लावायचं तर खातं राजपत्र मागतं, नुसत्या पेपरवर सहसा भागत नाही. राजपत्र पाहिल्यावर सेवापुस्तकात नोंद होते: अमुक नावाऐवजी तमुक नाव, राजपत्र भाग दोन, दिनांक आणि पान, खाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. एकाच कागदावर दोन्ही नावं, एकाच व्यक्तीची, सरकारी अधिकाऱ्याने खात्री करून लिहिलेली. सुनावणीत मी त्या जागी असतो तर याच्यापुढे दुसरं काही मागितलं नसतं.

मूळ सेवापुस्तक ज्या पंचायत समितीतून निवृत्त झाल्या तिथल्या शिक्षण विभागात विचारा. अर्ज आईंच्या सहीने, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, "सेवापुस्तकातील पहिले पान व नावातील बदलाची नोंद यांची साक्षांकित प्रत". स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत मागताय, माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊ नका. आणि त्याआधी घरात बघा. शिक्षकांना दुय्यम सेवापुस्तक स्वतःकडे ठेवायला मिळतं, जुने शिक्षक ते दागिन्यांसारखं जपतात.

कायदाकानू
अभिलेखकाका, हे फार नेमकं सांगितलंत. ताई, हे आधी. प्रतिज्ञापत्र त्याच्या जोडीला.

जागल्या
पंचायत समितीने प्रत द्यायला टाळाटाळ केली तर मात्र माहिती अधिकारच लागेल, हे लक्षात असू द्या.

काजळवात
सापडलं. आईच्या लोखंडी ट्रंकेत, साडीच्या घडीत. दुय्यम सेवापुस्तक. पहिल्या पानावर तिचं लग्नाआधीचं नाव आणि अंगठ्याचा ठसा, आणि पुढे लाल शाईत नाव बदलल्याची नोंद, मार्च १९८१ च्या राजपत्राची तारीख आणि पान क्रमांकासकट. मी तीन आठवडे धावतेय आणि वही घरातच होती. आईला नोकरीचं विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही, ती माझ्यासाठी फक्त आईच होती.

तिने ते पान हातात घेऊन दोनदा वाचलं, मग म्हणाली, "माझं हस्ताक्षर बघ कसं होतं." आज जेवली.

आता तारीख हातात आहे तर त्या राजपत्राची प्रतही काढून ठेवते. ती कुठे मागू?

अभिलेख
राजपत्र साप्ताहिक निघतं, गुरुवार ते बुधवार. तुमच्या तारखेचा "भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती" बघायचा. मुंबईत चर्नी रोडला शासन मुद्रण संचालनालय आहे, तिथे लेखी अर्ज करा, सेवापुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडा. पण सुनावणी त्यासाठी थांबवू नका, साक्षांकित सेवापुस्तकावर पुढे जा. जाताना मूळ वही दाखवायची, हातातून सोडायची नाही. दाखल करायची ती प्रत. आणि प्रत दिल्याची पोच घ्या.

रानजाई
ताई, निकाल काय लागला ते इथे नक्की लिहा. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.

माळढोक
माझाही असाच प्रश्न आहे. वडिलांच्या जन्मदाखल्यावर आजोबांचं नाव चुकलंय, मला जातपडताळणीसाठी लवकर हवंय. काय करावं?

करवीरकर
साल कोणतं, गाव कोणतं, तालुका कोणता?