‘गावातच राहिला’ : चाकरमानी, कोकणवासीय आणि तिसरा शब्द

देवगड तालुका (चर्चेची सुरुवात)

२०२५च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर ‘चाकरमानी’ हा शब्द शासकीय लिखाणातून वगळून त्याऐवजी ‘कोकणवासीय’ असे लिहावे, असे निर्देश उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दिले, तेव्हा आमच्या वाडीत त्यावर बरेच बोलणे झाले. ‘चाकर’ हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थ नोकर असा आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ असे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेल्या समाजात कोणाला चाकरीवरून ओळखणे गौरवाचे नाही, हा बदल मागणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो. माझी अडचण निराळी आहे. हे दोन्ही शब्द गणपतीला गावी येणाऱ्या माणसासाठी योजलेले आहेत. त्याच्या बंद घराची किल्ली वर्षभर सांभाळणाऱ्या आणि तो येण्याच्या आदल्या दिवशी ओटी झाडून ठेवणाऱ्या माणसाला कोणता शब्द आहे?

हा प्रश्न मुळात माझ्या पुतण्याचा आहे. त्याने पदविका घेतली आहे, पुण्याजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळते आहे, आणि घरी साठेक हापूस कलमांची बाग आहे, जिचे उत्पन्न मोहोर, तुडतुडे आणि अवकाळी पाऊस हे तिघे मिळून ठरवतात. तो मला म्हणाला, ‘काका, गेलो तर मी चाकरमानी होईन, आणि नाही गेलो तर लोक म्हणतील की हा गावातच राहिला. तिसरा शब्द असेल तर सांगा.’

‘राहणे’ या क्रियापदाचा हा दुटप्पीपणा माझ्या तोपर्यंत लक्षात आला नव्हता. ‘तो गावात राहतो’ यातून केवळ वास्तव्य कळते. ‘तो गावातच राहिला’ असे म्हटले की मात्र पंगतीत मीठ वाढायचे राहिले, कर्जाचा हप्ता भरायचा राहिला, तसा हा माणूसही राहिला, असे ऐकू येते. त्या ‘च’ने उरलीसुरली शंकाही फिटते. लग्नाच्या बोलणीत मुलीकडची माणसे हे वाक्य ज्या स्वरात उच्चारतात, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको. जाणकारांनी यावर प्रकाश टाकावा.

मुक्काम डोंबिवली, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, परंतु ‘चाकरमानी’ हा हीन शब्द आहे असे गृहीत धरून पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितो आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गावाने मुंबईत घेतलेल्या खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर जाई. त्या काळी आमच्या वाडीत ‘चाकरमानी आले’ हे वाक्य पोरे ओरडत रस्त्यापर्यंत धावत जात, ते कोणाला हिणवण्यासाठी नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून वडील गावी परतले. पुढच्या शिमग्याला पालखीच्या वर्गणीच्या नेहमीप्रमाणे दोन याद्या झाल्या, एक चाकरमान्यांची आणि दुसरी गाववाल्यांची, आणि वडिलांचे नाव पहिल्या यादीतून दुसरीत गेले. दुसऱ्या यादीची वर्गणी निम्मी होती, म्हणजे व्यवहार पाहता हा बदल त्यांच्या सोयीचाच होता. तरीही त्यांनी हट्टाने चाकरमान्यांइतके पैसे भरले, आणि ते पैसे कोठून आले हे आईने पुढे कित्येक वर्षे आम्हांला ऐकवले. ज्या शब्दासाठी माणूस उसने काढतो, तो शब्द अपमानाचा कसा म्हणावा?

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. डोंबिवलीत माझा स्वतःचा फ्लॅट आहे, त्याचे कर्जही फिटले आहे, तरी गावाहून परतल्यावर फोन करताना मी ‘खोलीवर पोहोचलो’ असेच सांगतो. ‘घर’ हा शब्द गावच्या कौलारू इमारतीसाठी राखलेला आहे, जिथे मी वर्षातून जेमतेम बारा दिवस असतो.

रत्नागिरी

शब्दाच्या घडणीपुरते लिहितो. ‘वासी’ म्हणजे वास करणारा. तो शब्द तेवढ्यावर पूर्ण असल्यामुळे ‘कोकणवासी’ पुरेसे होते. ‘वासीय’ हे वर्तमानपत्री वळण आहे आणि मला ते अनावश्यक वाटते. आक्षेप असा घेतला जाईल की जो कोकणात वास करत नाही त्याला कोकणवासी म्हणणे चूक आहे. परंतु या आक्षेपात फारसा दम नाही, कारण आपल्या भाषेत वास्तव्य सांगणारी पदे मूळ सांगू लागल्याची उदाहरणे मुबलक आहेत. ‘कोकणस्थ’ म्हणजे शब्दशः कोकणात स्थित असलेला, पण हा शब्द चालला तो पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे देशस्थांपासून वेगळे ओळखण्याची गरज पडली. मालवणात सगळेच मालवणचे असल्यामुळे मालवणकर म्हणून कोणाला वेगळे काढता येत नाही; मालवण सोडून चार कोस गेले की ते आडनाव उपयोगी पडू लागते. चिपळूणकर, राजापूरकर, वेंगुर्लेकर यांचेही बहुधा असेच झाले असावे. (देवगडच्या घरात तरी ‘देवगड हापूस’ कोण म्हणतो? तिथे तो नुसता आंबा असतो. वाशीच्या बाजारात पोहोचल्यावर त्याला गाव चिकटते.) मुंबईतल्या पाट्यांवर ‘अमुक गाव ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असे आपण रोज वाचतो आणि ग्रामात स्थित असलेले हे लोक मुंबईत काय करत आहेत, असा प्रश्न कोणालाही पडत नाही.

उलट पत्त्यात पाहा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी असलेल्या घराच्या पत्त्यावर आपण ‘मु. पो.’ लिहितो, आणि ‘मुक्काम’ म्हणजे मराठीत वाटेतला थांबा.

वेंगुर्ले

वरच्या प्रतिसादात सगळी उदाहरणे पुरुषांची आली, म्हणून एक घरगुती उदाहरण देते. ‘माहेरवाशीण’ या शब्दात तोच ‘वास’ आहे. जी माहेरी राहत नाही, सणाला चार दिवस येते, आल्यावर जिचे कौतुक होते आणि परतताना जिच्या पिशवीत कोकमे, कुळथाचे पीठ आणि दोन नारळ जातात, तिलाच आपण माहेरवाशीण म्हणतो. जी त्या घरात राहते ती सून असते आणि तिला कामे असतात. ‘कोकणवासीय’ हा शब्द ज्यांना हवा आहे त्यांनी याच अर्थाने तो घ्यावा, म्हणजे वाद मिटेल. सरकारने नकळत कोकणची माहेरवाशीणच घडवली आहे.

मात्र ‘गावातच राहिला’ याबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि सिंधुदुर्गातही स्त्रियाच अधिक, १०३६ होत्या. पुरुष नोकरीला गेले आणि भात लावणे, गुरे सांभाळणे, सासू-सासऱ्यांचे करणे हे बायकांकडे आले, हे या आकड्यांमागचे एक ठळक कारण आहे. माझी आजी अशीच एकवीस वर्षे गावी होती आणि आजोबा मुंबईत होते. तिच्याबद्दल ‘ती गावातच राहिली’ असे कोणीही कधी म्हणाले नाही, कारण तिने निवड केली आहे किंवा तिची संधी हुकली आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. म्हणजे ‘राहिला’ या शब्दाचा बोचरा अर्थ क्रियापदात नाही. ज्याने जायला हवे होते अशी अपेक्षा होती, त्याच्याच बाबतीत तो ऐकू येतो. ही अपेक्षा कुठून आली याचा विचार आपल्या पुतण्याने अवश्य करावा, पण ती शब्दकोशात सापडणार नाही.

देवगड तालुका

सर्वांचा आभारी आहे. ‘माहेरवाशीण’ वाचून घरात सगळे हसले, आणि माझी पत्नी सर्वांत जास्त वेळ हसली. अपेक्षेचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची सुमारे ४.८ टक्क्यांनी आणि आमची सुमारे २.२ टक्क्यांनी; जिथे जाणे हीच रीत झाली आहे, तिथे न जाणाऱ्यालाच कारण द्यावे लागणार.

डोंबिवलीकरांच्या वडिलांची हकिकत वाचल्यावर ‘चाकरमानी’ हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटेनासे झाले आहे. त्या शब्दात निदान गेल्याची कबुली आहे. ‘कोकणवासीय’ म्हटले की कोणी गेलेच नाही असा भास होतो, आणि असा भास कागदावर आम्ही पुरेसा भोगतो. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत, त्यांपैकी गावात आम्ही दोन भाऊ आहोत. बागेवर कर्ज काढायचे झाले की उरलेल्या सतरा कोकणवासीयांच्या सह्या गोळा करण्यासाठी मला बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत फिरावे लागते.

तिसऱ्या शब्दाबद्दल बोलताना मला आमच्याच बोलीतली एक लकब आठवली. मुलगा कुठे आहे असे विचारले की मालवणीत उत्तर येते, ‘मुंबयक आसता.’ तिथे तो राहतो असे सहसा म्हणत नाहीत, असतो म्हणतात, म्हणजे उद्या दुसरीकडे असू शकेल. मी पुतण्याला सुचवले की हेच क्रियापद आपणही घ्यावे. कोणी विचारले तर ‘गावातच राहिलो’ असे न म्हणता ‘मी गावाक आसतंय’ असे सांगावे. त्यात उरल्याचा अर्थ येत नाही आणि कायमचे वचनही दिले जात नाही.

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘चालेल. पण मग विचारतील, शनिवार-रविवार कुठे जातोस?’ पुण्याच्या कारखान्याला उत्तर द्यायची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे. कलमांना दुसरी फवारणी त्याआधी, शुक्रवारी करायची आहे, आणि पंप दुरुस्त करून आणायला तो आताच बाहेर पडला आहे.