अनुभव धागा : गाइडचं बोट धरून बिअर चाखताना

रामदासपेठी

मंडळी, गेल्या शनिवारी जावयानं एका नवीनच फंदात पाडलं. नागपुरातल्या नागपुरात 'बिअर टूर'. माणशी 1800 रुपये, नऊ जणांचा घोळका, तीन ठिकाणं आणि सोबत एक गाइड. मी आधी फोनवरच म्हणालो, "अरे बापा, प्यायला शिकवायचे पैसे? मी 52 वर्षांचा आहे."

माझी बिअर म्हणजे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवलेली स्ट्राँग बाटली. वास, चव वगैरे भानगड नाही. घशाला चटका बसला की झालं. या गाइड पोरानं पहिल्याच ठिकाणी गव्हाची बिअर हातात दिली आणि सांगितलं, पाच मिनिटं पिऊ नका, ग्लास तळहातात धरून बसा. फार गार असली की वास बाहेरच येत नाही म्हणे. बसलो. मग नाक लावलं तर पिकलेलं केळं! आणि मागून लवंग. मला वाटलं आत केळं कुस्करलंय. तर नाही, हा सगळा यीस्टचा खेळ. गव्हाच्या जर्मन बिअरला लागणारं यीस्टच असं असतं की आंबवताना हे वास तयार करतं.

दुसरीकडे संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची 'विट' होती. त्यात कोरिअँडरही असतं, असं गाइड म्हणाला. लगेच आमच्यातला एक ओरडला, "बिअरमध्ये सांबार टाकून राहिले का बे?" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. गाइड पुण्याचा. त्याच्या लेखी सांबार म्हणजे इडलीसोबतचं. तो बिचारा गंभीरपणे सांगू लागला की नाही नाही, यात तूरडाळ नसते. पाच मिनिटं कोणाचं काही चाललं नाही. शेवटी कळलं की धने असतात, भरडलेले.

तिसऱ्या ठिकाणी डीजे इतका जोरात होता की गाइडचे फक्त ओठ हलताना दिसले. ते 600 रुपये पाण्यात.

आता तुमचं सांगा. शहर कुठलंही चालेल. गाइडमुळे काही कळलं की नुसतेच पैसे गेले, तेवढं मात्र खरं लिहा. आणि येताना गाडी स्वतः चालवत आलो, असं कोणी इथं शौर्यानं लिहू नका. ओरडा बसेल.

काटोलवाला

संत्र्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची बाग आहे, पिण्याशी फारसा संबंध नाही. मागच्या वर्षी आंबिया बहराची तोड संपली तेव्हा भाच्याबरोबर अशाच एका फेरीला गेलो होतो. तिथं जो बिअर तयार करतो, त्यानं स्वतःची फजिती सांगितली. पहिल्या खेपेला त्यानं हौसेनं संत्र्याचा रस ओतला. नागपूरची बिअर म्हटल्यावर रस पाहिजेच ना! तर यीस्टनं रसातली सगळी साखर खाऊन टाकली. गोडवा गेला, उरला नुसता आंबटपणा. "दहा दिवसांनी चाखली तर संत्र्याची आठवणसुद्धा नाही," असं म्हणाला.

मग त्याला उमजलं की वास सालीच्या तेलात असतो. आता तो उकळी संपता संपता साल टाकतो, तीही आतली पांढरी कातडी काढून. ती राहिली तर कडू होते. बेल्जियमवाले मुळात कुराकाओ बेटावरची कडवट संत्री वापरतात, त्यांची साल जाड. आपल्या संत्र्याची साल पातळ, सैल, नखानं निघते. मी त्याला म्हटलं, मग तुला खालून खरवडायला जास्त वेळ लागत असेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणे, तीन बायका लावल्यात त्या कामाला.

त्यानंतर गाइडनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. फळगळीनं ज्या वर्षी कंबर मोडते, त्या वर्षी सालीचा भाव विचारायला त्याच्याकडे जाणार आहे.

बर्डीचा भाऊ

माझा अनुभव जर्मनीतल्या कोलोनचा. कंपनीच्या कामाला गेलो होतो, शनिवार मोकळा होता, म्हणून जुन्या शहरातल्या ब्रुअरींची पायी फेरी घेतली. गाइड साठीची बाई, बोलणं थोडं, चालणं झपाट्याचं.

तिथली बिअर म्हणजे क्योल्श. ग्लास सरळ, बारीक, फक्त 200 मिलीचा. आमच्याकडच्या चहाच्या ग्लासापेक्षा थोडा मोठा. पहिला संपवला, खाली ठेवला, तर वाढप्यानं न विचारता दुसरा आणून ठेवला आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढली. दुसरा संपला, तिसरा आला. मला वाटलं कंपनीच्या खात्यावर पाहुणचार चाललाय. नको म्हणायचं कसं, तेही कळेना, म्हणून प्रत्येक वेळी मान राखायला संपवत गेलो. चकतीवर सात रेघा झाल्यावर गाइडबाईंनी माझ्या ग्लासावर ती चकती आडवी ठेवली. बस. वाढपी आमच्या टेबलाकडे फिरकलासुद्धा नाही.

म्हणजे पंगतीत ताटावर हात आडवा धरतो ना, तेच! आमच्या काकू लग्नात जिलबी वाढताना तो हातसुद्धा जुमानत नाहीत, हा भाग वेगळा. त्या वाढप्यांना 'कोबेस' म्हणतात, निळा अंगरखा घालतात आणि थोडं उद्धट बोलणं हा त्यांचा मानच समजला जातो. मी पाणी मागितलं तर त्यानं विचारलं, "आंघोळ करायची आहे का?" गाइड म्हणाली, मनावर घेऊ नका, हे सगळ्यांनाच विचारतात.

तिनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची 'आल्ट' नावाची गडद बिअर इथं मागायची नाही. नागपुरात बसून पुणेरी मिसळीचं कौतुक करण्यासारखं असावं. क्योल्श हे नाव कोणी वापरायचं, यासाठी तिथल्या 24 ब्रुअऱ्यांनी 1986मध्ये करार केलाय. कोलोन परिसराबाहेरच्यानं तशीच बिअर केली तरी ती क्योल्श नाही.

गाइड नसती तर? रेघा वीसपर्यंत गेल्या असत्या. पैसे वसूल.

सेवाग्राम एक्सप्रेस

मी वर्ध्याचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. नागपूरला येणं हाच आमचा टूर, आणि एसटीचा कंडक्टर हाच गाइड. चंद्रपूरवाल्या मित्रांनीही 2015 ते 2021 हेच भोगलं, आता ते आमच्यावर हसतात. बाकी बोलण्यासारखं काही नाही, वाचतो आहे.

प्रतापनगरची

हा अनुभव माझ्यापेक्षा आईचा जास्त.

मी बंगळुरूला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी आई नागपूरहून महिनाभर राहायला आली. वय 64, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, मात्र कुतूहल अफाट. मी मैत्रिणींबरोबर इंदिरानगरच्या बाजूला अशा फेरीला निघाले होते. ती म्हणाली, "मीही येते, एकटी घरात बसून काय करू?" मी मनात म्हटलं, संपलं आता.

पहिल्या ठिकाणी गाइड आम्हाला काचेमागच्या मोठमोठ्या टाक्यांजवळ घेऊन गेला. तिथं नुकताच एक घाणा चालू होता, झाकण उघडलं, वाफ आली. आम्ही सगळ्या "वॉव, बिस्किटासारखा वास" वगैरे म्हणत होतो. आईनं एकदा श्वास घेतला आणि म्हणाली, "ही तर कुरडईची खोली!" मग मलाही आलं. उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजवून ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. त्या चिकाला उकळताना आमच्या मागच्या खोलीत जो वास असायचा, अगदी त्याच्या जवळचा. जरा गोडसर, एवढंच.

गाइड मल्याळी, इंग्रजीत बोलत होता. मी भाषांतर करत होते. धान्याला आधी मोड आणतात, मग वाळवून भाजतात, त्याला माल्ट म्हणतात, असं तो म्हणाला. आई म्हणाली, "मोड का आणतात, विचार." त्यानं सांगितलं की मोड येताना दाण्यात असे काही घटक तयार होतात की पुढे गरम पाण्यात पिठाची साखर होते, आणि यीस्टला साखरच लागते. आई म्हणे, "म्हणजे नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, ते बाळाला गोड लागतं, तसंच." मी सांगितलं. तो थांबला आणि म्हणाला, गेली चार वर्षं हे समजावतोय, इतकं सोपं मला नाही जमलं.

मग तिचा खरा प्रश्न आला. "एवढं धान्य उकळून पाणी काढून घेतलं, मग चोथ्याचं काय करतात?" गुरांना घालतात, असं उत्तर मिळाल्यावर तिचं समाधान झालं. त्यानंतर तिला तिथलं सगळं मान्य झालं. चाखण्यासाठी छोटे छोटे ग्लास लाकडी फळीवर मांडून आणले तेव्हा तिनं प्रत्येकाचा वास घेतला, प्यायली नाही. काळ्या स्टाउटला म्हणाली, "कॉफी करपली." आणि आयपीए नावाच्या कडू बिअरला, "कडुलिंबाचा फुलोरा." गाइड हे वहीत लिहून घेत होता.

घरी येताना रिक्षात म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको." बाबांना तिनंच त्या रात्री फोनवर सगळं सांगितलं.

कोराडी रोड

माझा अनुभव वाईट. शहराचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातीत 'लहान गट' लिहिलं होतं, प्रत्यक्षात आम्ही 22 जण. गाइड कागदावरून वाचत होता, कागद एकच, तोही भिजलेला. सगळ्यांना चाखायला मिळेपर्यंत शेवटच्याची बिअर गरम व्हायची आणि पहिल्याची संपून तो दुसरी मागायचा. खायला दोन तासांत शेंगदाणे. रिकाम्या पोटी पाच प्रकार चाखले की सहावा कुठला, हे कोण सांगणार? एकानं फुटपाथवर बसून घेतलं, गाइडनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या फोटोचा राग अजून आहे.

निघण्याआधी जेवून घ्या. सावजी नको पण, तो रस्सा खाऊन गेलात तर जिभेला पुढचं काही कळणार नाही.

पाणीवाला

न पिणाऱ्यांच्या वतीनं. आमच्या गटात मी कायम गाडी चालवणारा. टूरवाले माझ्याकडूनही पूर्ण पैसे घेत होते, मी वाद घातला, अर्धे झाले. तुम्हीही घाला. नागपुरात मेट्रो ऑरेंज लाइनवर जाताना छान आहे, परतताना तिच्या भरवशावर राहू नका, रात्री लवकर संपते.

आमच्या गाइडनं मात्र एक काम नीट केलं. सुरुवातीलाच सगळ्यांचे एक दिवसाचे परवाने करून घेतले, 5 रुपयांचा कागद. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, हे गटातल्या अर्ध्यांना माहीतच नव्हतं. एक पोरगा विशीतला निघाला, 21 पूर्ण नव्हतं, त्याला शांतपणे माझ्या शेजारी आणून बसवलं. आम्ही दोघांनी मिळून चार प्लेट पापड फस्त केले.

हलबा चौक

एक छोटीशी गोष्ट. लहानपणापासून मामा बिअरची बाटली पाण्यानं भरलेल्या ग्लासात उलटी धरायचा. "ग्लिसरीन काढतो." गाइडनं विचारलं, कोण कोण असं करतं? सातातल्या पाच जणांचे हात वर. तो म्हणाला, आंबताना थोडं ग्लिसरीन तयार होतं खरं, पण ते बिअरमध्ये विरघळलेलं असतं, वेगळं होऊन खाली येणार कुठून? तुम्ही पाण्यात फक्त बिअर सांडता. मामाला फोन करून सांगितलं. मामा म्हणाला, "तुझ्या गाइडला काय कळतं, पोट्टं आहे ते."

रामदासपेठी

वा, काय एकेक अनुभव! प्रतापनगरची, आईंचा 'कुरडईची खोली' मी जावयाला वाचून दाखवला. त्यानं तो पुण्याच्या गाइडला पाठवलाय.

प्रतापनगरची

आईला हा धागा वाचून दाखवला. तिचा एकच प्रश्न आहे. नागपुरातल्या त्या ठिकाणांचा चोथा कोण नेतो?

रामदासपेठी

काल मुद्दाम विचारून आलो. बेसा गावाकडचा एक गवळी सकाळी सहाला ड्रम घेऊन येतो. ओला असतो, त्याच दिवशी संपवावा लागतो, उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतच. सरकीची ढेप वेगळी घालतोच म्हणाला. आईंना सांगा.