अनुभव धागा : व्हीपीएन बंद केले, तरी सुरूच!

हा धागा काढण्याचे कारण म्हणजे जळगावात माझा स्वतःचा वाया गेलेला एक रविवार. बँकेचे ॲप ‘व्हीपीएन सुरू असल्याने लॉगिन करता येणार नाही’ असे सांगत होते, म्हणून मी व्हीपीएन (आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी) ॲपमधले गोल बटण दाबले. ते करडे झाले, फोनच्या वरच्या पट्टीतली व्हीपीएन सुरू असल्याची खूण, म्हणजे किल्ली, नाहीशी झाली आणि दोन सेकंदांत पुन्हा हजर झाली. पाच-सहा वेळा हेच झाल्यावर मी त्या ॲपला मनसोक्त शिव्या घातल्या, पण दोष त्याचा नव्हताच. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या नावापुढे जे दातेरी चाक असते, त्यात ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ हा पर्याय मीच कधीतरी चालू करून ठेवला होता. तो चालू असेपर्यंत ॲपने जोडणी तोडली तरी फोन ती पुन्हा जोडतो. त्याच्या खालीच व्हीपीएनविना होणाऱ्या जोडण्या अडवण्याचा पर्याय असतो, आणि तोही चालू असेल तर व्हीपीएन तुटताच फोनचे इंटरनेटच थांबते. जोडणी नेमकी कोणी धरून ठेवली होती याचा छडा ज्यांना लागला, त्यांनी सविस्तर लिहावे. ‘फोन रिसेट करा’ एवढाच सल्ला कृपया नको.

रावेर, केळीचा व्यापार

माझ्याकडे तर व्हीपीएनचे ॲपच उरले नव्हते, तरी किल्ली होती. वजनकाट्यावर केळीची गाडी उभी, चालक भाड्यासाठी थांबलेला आणि बँकेचे ॲप उघडायला तयार नाही, अशा वेळी माणूस सगळी बटणे दाबून पाहतो. शेवटी सेटिंग्जमधली व्हीपीएनची यादी उघडली, तेव्हा तिथे जाहिराती अडवणाऱ्या ॲपचे नाव दिसले. अशी बरीच ॲप फोनच्या आतच एक व्हीपीएन उभे करून त्यातून सगळी वाहतूक गाळून घेतात, आणि बँकेच्या ॲपला त्यातला फरक कळत नाही. ते ॲप थांबवल्यावर भाडे गेले.

धुळे, घरून नोकरी

माझा अनुभव विंडोज लॅपटॉपचा आहे. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की व्हीपीएन बंद होते, अशी माझी कित्येक महिने समजूत होती. प्रत्यक्षात फुलीने केवळ खिडकी मिटते आणि पार्श्वभूमीला चालणारी सेवा बोगदा, म्हणजे व्हीपीएनची जोडणी, उघडाच ठेवते. खात्री करण्यासाठी मी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रूट प्रिंट’ ही वाहतुकीच्या मार्गांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. ओपनव्हीपीएन पद्धतीची जोडणी सगळी वाहतूक स्वतःकडे वळवते तेव्हा मूळ मार्गाला सहसा हात लावत नाही, ती ०.०.०.० आणि १२८.०.०.० असे पत्त्यांच्या जगाचे दोन अर्धे मार्ग नव्याने घालते, आणि अधिक नेमका मार्ग आधी निवडला जात असल्याने मूळ मार्ग आपोआप मागे पडतो. माझ्या यादीत त्या दोन्ही ओळी ठळक दिसत होत्या. घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन ‘डिस्कनेक्ट’ केले, आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा त्या गेल्या होत्या.

याच्या उलटही एकदा घडले. ॲप मध्येच कोलमडले आणि त्याचा ‘किल स्विच’, म्हणजे व्हीपीएन तुटल्यास इंटरनेट रोखणारा पर्याय, सारे इंटरनेट अडवून बसला. ॲप पुन्हा उघडून तो पर्याय बंद केल्याशिवाय एकही पान उघडेना.

भुसावळ

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात : सेटिंग्ज, जनरल, मग व्हीपीएनचे पान, आणि नावापुढच्या ‘आय’ चिन्हात ‘कनेक्ट ऑन डिमांड’. ते बंद करेपर्यंत व्हीपीएन पुन्हा पुन्हा जोडले जात होते.

अमळनेर, शिक्षिका

माझी तक्रार खोटी निघाली, तरी लिहिते. व्हीपीएन बंद करूनही आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) दाखवणारे संकेतस्थळ मला मुंबईत बसवत होते, म्हणून ते सुरूच आहे असे मी धरून चालले. शेजारच्या घरी त्याच कंपनीची जोडणी आहे आणि तिथे व्हीपीएनचे नावही नाही, पण तिथल्या फोनवरही मुंबईच दिसली. हे ठिकाण आयपी पत्त्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असतो, घराचा पत्ता नव्हे. त्यामुळे गावाचे नाव न पाहता, व्हीपीएन सुरू असताना आणि बंद केल्यावर आयपीचे आकडे बदलतात का, एवढेच ताडून पाहावे.

नंदुरबार

आमच्याकडे फोनवर किल्ली नव्हती, लॅपटॉपवर काही नव्हते, तरी घरातले प्रत्येक यंत्र नेदरलँड्समध्ये असल्याचे दिसे. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिले, तर भारत दिसला. म्हणजे गोम घरच्या जोडणीतच होती. दिवाळीला आलेल्या भाच्याने राउटरमध्येच व्हीपीएन बसवून दिले होते आणि जाताना सांगायचे राहून गेले होते. राउटरचा पासवर्ड त्याच्याकडून फोनवर घ्यावा लागला.