पाळकाला हिशेब विचारणं म्हणजे अभिषिक्तावर हात टाकणं का?

वहीवाली
काल इथे एका भावांनी लिहिलं, ‘चर्चचा पाळक म्हणजे परमेश्वराचा अभिषिक्त, त्याने नेमलेला. त्याला जाब विचारणारा मंडळी फोडतो. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असं बायबलच म्हणतं, इब्री 13:17 वाचा.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

माझे बाबा मंडळीचे पंच होते. हंगामाच्या सणाला आलेल्या धान्याचा आणि लिलावाचा हिशेब त्यांनी सभेत मागितला. पुढच्या रविवारी उपदेश मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहावर! नाव घेतलं नाही, पण सगळी मंडळी आमच्या बाकाकडे वळून बघत होती. त्या महिन्यात प्रभुभोजनाला बाबा पुढे गेले, तर पाळकांनी भाकरीचं ताट शेजारच्या माणसापुढे नेलं. त्यानंतर अकरा वर्षं बाबा शेवटच्या बाकावर बसले. चर्च सोडलं नाही.

दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, म्हणजे त्याचा जीव घेतला नाही. पण गुहेतून बाहेर येऊन जाब विचारलाच की! आणि पुढे दावीद स्वतः राजा असताना नाथान संदेष्टा तोंडावर म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ दाविदाने मान खाली घातली.

पाळकाचा मुलगा
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या घरचंही ऐका. सात वर्षांत वडिलांच्या तीन बदल्या. एकदा बड्या घरातलं लग्न लावायला त्यांनी नकार दिला, कारण मुलीला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते. मग चार महिने पगार नाही. म्हणे वर्गणी जमली नाही. आई शेजारून पीठ आणायची. कुठला आलाय पाळकाचा अधिकार? अधिकार दानपेटीची किल्ली ज्याच्याकडे त्याचा. त्याच इब्रीच्या वचनात पुढे आहे, त्यांना हे काम आनंदाने करता यावं, कण्हत नव्हे. माझे वडील कण्हतच निवृत्त झाले.

केडगावची नात
त्याच वचनात हिशेब द्यायचाय तो पुढाऱ्यांनी, हेही आहे. ते कोणी वाचत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवू नये, असा आक्षेप बिशपांनी घेतला. बाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट सांगितलं, की एका पुरोहितशाहीचं जू नुकतंच उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही. त्यांनी कोणती मंडळी फोडली?

जुना कॉयरवाला
आणि बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेवटचा शब्द कोणाचा चालायचा? बाईंचाच. अधिकार वाईट नसतो हो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली अमेरिकन मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा वेगळा गट काढला, तेव्हापासून प्रत्येक फुटीर गट त्यांचंच नाव पुढे करतो.

केडगावची नात
बाईंनी त्या अधिकाराने दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांना छपाई शिकवली, मरेपर्यंत बायबलचं भाषांतर केलं. पौल म्हणतो तसा, उभारणीसाठी दिलेला अधिकार तो हाच.

नगरचा नातू
फुटीर? शब्द मागे घ्या. टिळकांनी कोणाची मंडळी पळवली नाही. बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले एकत्र बसावेत, एवढंच त्यांना हवं होतं. दर रविवारी त्यांचीच भजनं गाता ना?

जुना कॉयरवाला
चाळीस वर्षं चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवतोय, भजनं मला शिकवू नका. 1919 ला टिळक गेले आणि दरबार ओसरला. मिशन राहिलं, शाळा राहिल्या, दवाखाने राहिले. वरती कोणी विचारणारा असतो म्हणून संस्था टिकते.

नगरचा नातू
विचारणारे गोरे साहेब होते! आपला माणूस कितीही शिकला तरी हाताखालीच. त्याला तुम्ही शिस्त म्हणता?

जुना कॉयरवाला
बरं, साहेबांचं मान्य. फुटीर हा शब्द मी मागे घेणार नाही.

वहीवाली
टिळकांसाठी दुसरा धागा काढा ना, भाऊ. मी भाकरीच्या ताटाबद्दल लिहिलं होतं. कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा, असं पेत्र लिहितो. आणि त्या पेत्रालाही अंत्युखियात पौलाने सगळ्यांदेखत सुनावलं.

पाळकाचा मुलगा
ताट फिरवायला नको होतं. कारण काहीही असो, ते टेबल पाळकाचं नाही. एवढं मानतो. पण सभेत चारचौघांत विचारण्याआधी बाबा एकदा पाळकांच्या घरी गेले होते का? मत्तय 18 आधी एकांतात बोला म्हणतं.

वहीवाली
दोनदा गेले होते. दारातूनच परत पाठवलं.

आणि मी टाळलेलं एक सांगते. बाबा गेले त्या रात्री पाळकबाई आल्या होत्या. पहाटेपर्यंत आईचा हात धरून बसल्या. पाळक फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. आईने त्यांच्यासाठी बाहेर चहा पाठवला. मी पाठवला नसता.