तीन नावं आणि भिंतीवरचा तक्ता
असं म्हणतात की गुप्त संघटनेचे छोटे गट केले, तर एक सापडला तरी बाकीचे सुटतात. कागदावर खरं आहे. अल्जीयर्समध्ये १९५६-५७ साली एफएलएनची (फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या अल्जेरियन संघटनेची) रचना अशीच होती. आपल्याला भरती करणारा एक आणि आपण भरती केलेले दोघे, एवढीच नावं ठाऊक. पण फ्रेंच जनरल मास्यूच्या पॅराट्रूपर्सनी रिकाम्या चौकटींचा तक्ता मांडला आणि छळ करून मिळालेलं एकेक नाव त्यात भरत गेले. तिघांतला एक वरचा असतोच ना! सप्टेंबर १९५७मध्ये एफएलएनचा अल्जीयर्समधला प्रमुख यासेफ सादी कास्बातच, म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीतच, सापडला. गटांमुळे वेळ मात्र मिळायचा. पकडलेल्याने चोवीस तास तोंड उघडायचं नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी ठिकाण बदलायचं. (छळछावणीत चोवीस तास, बरं का.)